बागायतदारास परवडणारी हलकी साखळी-करवत : निवड कशी करावी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. पुढील वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्याजवळून गेले. या दोन्ही वेळी आंबा, नारळ व सुपारीच्या बागांत असंख्य झाडे उन्मळून पडली. वाटा अडल्या, घरांवर खोडे आली, आणि कुऱ्हाड व कोयता घेऊन हे काम आटोपणे कठीण झाले. अशा प्रसंगी साखळी-करवतीचे, म्हणजेच बाजारात जिला चेनसॉ म्हणतात त्या यंत्राचे, महत्त्व चटकन पटते. परंतु संकटाच्या घाईत घेतलेले यंत्र पुष्कळदा चुकीचे ठरते. यास्तव यंत्राची निवड निवांतपणे, हंगामापूर्वी व हिशेबाने करणे इष्ट होय.

साखळी-करवत आज एका माणसास सहज पेलते. पूर्वी तशी स्थिती नव्हती. जर्मनीत आंद्रेआस स्टील यांनी १९२६ साली तयार केलेली विजेवरील साखळी-करवत चालविण्यास दोन माणसे लागत. अमेरिकेत जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून नव्या आकाराच्या दात्यांची साखळी १९४७ साली बाजारात आणली. तीच रचना आजच्या बहुतेक साखळ्यांत आढळते. हल्ली लहान पेट्रोल यंत्राचे वजन ४ ते ५ किलोच्या आसपास असते. मात्र यंत्र हलके झाले म्हणून ते निरुपद्रवी झाले, असे मुळीच नाही.

प्रथम कामाचे मोजमाप

यंत्र पाहण्यापूर्वी आपल्या बागेतील लाकूड मोजावे. ज्या फांद्या व खोडे नेहमी कापावी लागतात त्यांचा घेर सुतळीने घ्यावा व त्याचे तीन भाग करावे. एक भाग म्हणजे अंदाजे जाडी. घेर ७५ सेंटिमीटर भरल्यास जाडी सुमारे २५ सेंटिमीटर समजावी.

साखळी ज्या लांबट पट्टीवरून फिरते तिला बार म्हणतात. लाकडाच्या जाडीपेक्षा बार सुमारे ५ सेंटिमीटर लांब असला म्हणजे काम सुरळीत होते. १२ इंची बार सुमारे ३० सेंटिमीटरचा, १४ इंची ३५ सेंटिमीटरचा व १६ इंची ४० सेंटिमीटरचा असतो. जुन्या आंब्याच्या फांद्यांची छाटणी, पडलेल्या सुपारीचे तुकडे आणि घरचे जळण एवढ्या कामास १२ किंवा १४ इंची बार पुरतो. क्वचित येणाऱ्या जाड खोडासाठी मोठे यंत्र विकत घेऊ नये. ते काम अनुभवी माणसाकडून भाड्याने करून घेणे स्वस्त पडते.

ज्या बागेत १० सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीच्याच फांद्या कापावयाच्या असतात तेथे छाटणीची चांगली हातकरवत पुरेशी आहे. वर्षातून दोन-तीन दिवसच काम असेल तर चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एक यंत्र घ्यावे, अथवा जवळच्या अवजार बँकेत चौकशी करावी. यंत्र न घेण्याचा निर्णय हाही कित्येकदा शहाणपणाचा असतो.

तीन प्रकारची यंत्रे

विजेच्या तारेवर चालणारे यंत्र सामान्यतः सर्वांत स्वस्त असते. त्याची देखभालही थोडी असते. २००० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर वीज घेते. म्हणून त्यास १६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले सॉकेट व जाड तांब्याची तार हवी. बारीक व लांबलचक तारेने दाब उतरतो आणि मोटर तापून जळते. घराच्या अंगणात जळण फोडणाऱ्यास हे यंत्र योग्य आहे. डोंगरउतारावरील बागेस नाही. ओल्या जमिनीत अथवा पावसात ते कदापि वापरू नये. शिवाय वादळानंतर वीज नसते, हेही ध्यानात ठेवावे.

बॅटरीवरील यंत्र कमी आवाज करते, चटकन सुरू होते व धूर सोडत नाही. परंतु बॅटरी किती वेळ टिकेल हे विक्रेत्याच्या शब्दावर न सोपविता स्वतः काढावे. बॅटरीचे व्होल्ट व अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा. ३६ व्होल्ट व ४ अँपिअर-तास यांचा गुणाकार १४४ येतो. यंत्र १२०० वॅटने सतत चालल्यास ही बॅटरी सुमारे ७ मिनिटांत संपेल. दोन कापांच्या मध्ये यंत्र थांबते, म्हणून प्रत्यक्ष काम अधिक वेळ चालते. तरी दिवसभराच्या कामास दुसरी बॅटरी लागतेच. तिची किंमत यंत्राच्या किमतीत मिळवूनच तुलना करावी.

पेट्रोलवरील टू-स्ट्रोक यंत्र बागेत कोठेही नेता येते. लहान बागायतदारास ३० ते ३५ सी.सी.चे, १२ किंवा १४ इंची बार असलेले यंत्र बहुधा पुरेसे होते. त्याचा आवाज मात्र १०० डेसिबलच्या वर जातो आणि इंधनाची काळजी घ्यावी लागते.

वजनाच्या व शक्तीच्या आकड्यांची पारख

माहितीपत्रकात छापलेले वजन पुष्कळदा बार, साखळी, पेट्रोल व तेल वगळून दिलेले असते. ही भर साधारणपणे १ ते सव्वा किलोची असते. चार किलो लिहिलेले यंत्र हातात पाच किलोंहून अधिक भरते. तेव्हा दुकानात बार व साखळी बसविलेले यंत्र दोन्ही हातांनी कमरेच्या उंचीवर दोन-तीन मिनिटे धरून पाहावे. पुढे किंवा मागे झुकणारे यंत्र, वजनाने हलके असले तरी, हात लवकर थकविते.

याउलट, कमी किमतीत ५० सी.सी.हून मोठे इंजिन व २० किंवा २२ इंची बार देणारी यंत्रे पाहून पुष्कळांस मोह पडतो. अशी यंत्रे जड असतात, आणि लांब बारचे टोक कोठे आहे यावर नवशिक्याचे लक्ष राहत नाही. कित्येकदा सी.सी.चा आकडाही वाढवून लिहिलेला असतो. मोठ्या आकड्यास भाळू नये.

दुसरा मोह सर्वांत हलक्या यंत्राचा. ज्या यंत्राची मागील मूठ इंजिनाच्या डोक्यावर असते ते आटोपशीर दिसते व एका हाताने चालविण्याचा मोह होतो. ते झाडावर दोराने बांधून काम करणाऱ्या शिकलेल्या माणसांसाठी असते. जमिनीवर काम करणाऱ्या शेतकऱ्याने मागे स्वतंत्र मूठ असलेलेच यंत्र घ्यावे.

ज्यावर तडजोड नको

बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागला तर यंत्र क्षणार्धात चालकाच्या तोंडाकडे उसळते. या उलट उसळीमुळे अत्यंत गंभीर जखमा होतात. हलक्या यंत्रातही ही उसळी येते. म्हणून किंमत कितीही कमी असो, पुढील गोष्टी नसलेले यंत्र घेऊ नये :

१. पुढील मुठीसमोर हातरक्षक व त्यास जोडलेला साखळीचा ब्रेक.
२. चुकून दाब पडल्यास साखळी फिरू नये म्हणून वेग देणाऱ्या खटक्यावरील सुरक्षा-कळ.
३. साखळी तुटल्यास तिला अडविणारा खालचा आकडा.
४. मुठींना बसणारी थरथर कमी करणारी रबरी किंवा स्प्रिंगची जोडणी.
५. उसळी कमी करणाऱ्या प्रकारची साखळी.

दुकानातच यंत्र चालवून पाहावे. मंद गतीवर साखळी स्थिर राहिली पाहिजे. ब्रेक पुढे ढकलताच ती तत्काळ थांबली पाहिजे. बारचे टोक कोरड्या पुठ्ठ्यापासून थोड्या अंतरावर धरून वेग दिला असता पुठ्ठ्यावर तेलाचे बारीक शिंतोडे उमटले पाहिजेत. ते न उमटल्यास साखळीस तेल पोचत नाही असे समजावे. यंत्र दाखविण्यास नकार देणाऱ्याकडून खरेदी करू नये.

सुट्या भागांची सोय

साखळीस तीन मापे असतात : पिच, गेज व आतील दुव्यांची संख्या. लहान यंत्रांत तीन-अष्टमांश इंच, कमी उंचीच्या पिचची साखळी पुष्कळ आढळते. ही तिन्ही मापे वहीत लिहून तालुक्याच्या बाजारात तीच साखळी मिळते काय, हे आधी विचारावे. स्पार्क प्लग, हवेची गाळणी, सुरू करण्याची दोरी व कार्बुरेटरचे पडदे हेही भाग मिळाले पाहिजेत. ज्याचे भाग मिळत नाहीत ते स्वस्त यंत्र ऐन गरजेच्या दिवशी पडवीत पडून राहते, आणि मग त्याची सारी किंमत वाया जाते.

पैशाची विभागणी

जवळचे सारे पैसे यंत्रावर घालणे ही सर्वांत मोठी चूक होय. अंदाजे एक-चतुर्थांश रक्कम प्रथमच बाजूला काढावी. तीतून जाळी व कानाचे रक्षक असलेले शिरस्त्राण, डोळ्यांचा चष्मा, मजबूत बूट, हातमोजे, एक जादा साखळी, योग्य मापाची गोल कानस व साखळीचे तेल घ्यावे. शक्य असल्यास पाय वाचविणारी खास विजारही घ्यावी. एवढे करून उरलेल्या पैशांत यंत्र बसत नसेल, तर बार लहान करावा किंवा भागीदारी करावी. संरक्षक साहित्य गाळू नये.

समजा, एका बागायतदाराच्या बागेत हापूसची जुनी झाडे आहेत. त्यास २५ सेंटिमीटरपर्यंतच्या फांद्या छाटावयाच्या आहेत व पडलेल्या सुपारीचे तुकडे करावयाचे आहेत. बाग घरापासून दूर आहे. त्याने ३० सी.सी.च्या आसपासचे, १२ इंची बारचे, तालुक्यात दुरुस्ती होणारे पेट्रोल यंत्र घ्यावे. त्याच पैशात मिळणारे २२ इंची अनोळखी यंत्र त्याच्या उपयोगाचे नाही.

शासकीय अनुदानाची अपेक्षा असल्यास, आपले यंत्र त्या वर्षीच्या यादीत आहे किंवा नाही हे गावच्या कृषी कर्मचाऱ्याकडून आधी समजून घ्यावे. महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करावी.

इंधन व धार

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल माहितीपुस्तिकेतील प्रमाणातच मिसळावे. प्रमाण ५० : १ असल्यास १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल होते. सध्या पंपावरील साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर पुष्कळ लहान यंत्रांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांचीच मर्यादा आढळते. म्हणून खरेदीपूर्वी हा प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावा. इथेनॉल ओलावा शोषून घेते. मिश्रण थोडेच करावे, आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. साखळीसाठी जळके इंजिन-तेल वापरू नये.

नारळाचे बाहेरील कठीण खोड आणि मातीने माखलेले लाकूड साखळी लवकर बोथट करते. चिपाट्यांऐवजी बारीक भुसा पडू लागला की धार गेली असे जाणावे. कमी उंचीच्या तीन-अष्टमांश इंची साखळीस सामान्यतः ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. बोथट साखळी दाबून चालविल्याने इंजिन, बार व माणूस या तिघांवरही ताण पडतो.

काम करताना

यंत्र जमिनीवर टेकवून, ब्रेक लावून सुरू करावे. हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढू नये. ते नेहमी दोन्ही हातांनी धरावे. खांद्याच्या वर कापू नये व शिडीवर उभे राहून कापू नये. वादळात पडलेल्या झाडाखाली विजेची तार अडकली असल्यास वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नये. वाकलेल्या, ताणलेल्या फांद्या कापताच जोराने उसळतात. ते काम नवशिक्याने करू नये. एकट्यानेही यंत्र चालवू नये.

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, साग, जांभूळ, चिंच, ऐन व किंजळ इत्यादी झाडे आहेत. अशी झाडे स्वतःच्या जमिनीत असली तरी ती तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. आंब्याची छाटणी केल्यावर कापलेल्या भागास बोर्डो पेस्ट लावावी, म्हणजे बुरशीचा शिरकाव होत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावात एक प्रात्यक्षिक ठेवावे. त्यात घेर मोजणे, ब्रेक तपासणे व कानस मारणे या तीन गोष्टी शेतकऱ्यांच्या हातून करवून घ्याव्या. ज्याने या तीन गोष्टी केल्या आहेत, तो दुकानात मोठा आकडा अथवा कमी किंमत पाहून फसणार नाही. आपल्या कामाच्या मापाचे, ब्रेक असलेले व जवळ दुरुस्त होणारे लहान यंत्र हेच बागायतदारास खऱ्या अर्थाने स्वस्त होय.