पावलांच्या कॅलरी आणि दुहेरी मोजणी

आहारनोंदीच्या अ‍ॅपमध्ये दिसणारे ‘कॅलरी समायोजन’ म्हणजे चालण्याचे बक्षीस नव्हे, तर दोन अंदाजांतील फरक होय: वय, वजन व जीवनशैलीवरून अ‍ॅपने दिवसाचा खर्च १८०० कॅलरी धरला आणि पावले मोजणाऱ्या घड्याळाने तो २०५० ठरवला, तर २५० कॅलरींची भर पडते, आणि दिवस बैठा गेल्यास काही अ‍ॅपमध्ये हा आकडा उणेही होतो.

खरी गफलत दुहेरी मोजणीत होते. घड्याळाने टिपलेली फेरी हाताने पुन्हा नोंदवताना सुरुवातीची वेळ चुकली, तर दोन्ही नोंदी एकाच फेरीच्या आहेत हे अ‍ॅपला कळत नाही; उलट पोहणे किंवा वजने उचलणे पावलांत जवळजवळ उमटतच नसल्याने त्यांची स्वतंत्र नोंद रास्त ठरते.

दुहेरी मोजणी विश्रांतीच्या खर्चाचीही होऊ शकते. स्वस्थ बसलेले शरीर दर किलो वजनामागे तासाला सुमारे १ कॅलरी खर्च करते, त्या प्रमाणाला १ ‘मेट’ म्हणतात. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणे साधारण ३.५ मेटचे असल्याने ६० किलो वजनाच्या व्यक्तीचा तासाभराचा खर्च २१० भरतो, परंतु त्यांपैकी ६० कॅलरी बसूनही खर्च झाल्याच असत्या. म्हणून जादा खर्च केवळ १५०, आणि आहारात वाढ करायचीच तर ती याच आकड्यावरून करावी.