हातावर उतरला हॅरिस हॉक

मुलांनो, दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमच्या शाळेच्या वडावरून घारीचं पिल्लू खाली पडलं. चौथीच्या पोरांनी ते खोक्यात घालून वर्गात आणलं. "बाई, पाळू या ना!" आम्ही त्याला दुधात कुस्करलेली पोळी भरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू खोक्यात निपचित पडलेलं. काय चुकलं ते मला कळेना. कळलं ते पार इंग्लंडात!

गेल्या मे महिन्यात मी बहिणीकडे तिकडे गेले होते. शिकारी पक्ष्यांची केंद्रं असतात तिथे. पैसे भरले की दिवसभर पक्षी हाताळायला, उडवायला मिळतात. भाचा म्हणाला, "मावशी, चल."

मला वाटलं, गेल्या गेल्या हातावर गरुड! कसलं काय. आधी तराजू आला. तिथल्या आजोबांनी एकेका पक्ष्याचं वजन करून वहीत मांडलं. आमच्या वाट्याला आलेला हॅरिस हॉक भरला ६३० ग्रॅम. हा मूळचा अमेरिका खंडातला, शिक्र्याच्या कुळातला. रानात तो टोळीनं शिकार करतो, म्हणून माणसाशीही त्याचं लवकर जमतं. वजन जास्त भरलं तर तो जेवलेला. मग बोलावलं तरी कशाला येईल? फार कमी भरलं तर तो अशक्त, त्याला उडवायचंच नाही. प्रत्येक पक्ष्याचा आकडा वेगळा.

मग डाव्या हातात जाड चामड्याचा हातमोजा चढवला. पक्ष्याच्या पायात चामड्याच्या वाद्या असतात, त्या बोटांत धरायच्या. कुरणात गेल्यावर वाद्या सोडल्या. तो उडाला आणि ओकच्या झाडावर बसला. मी मोज्यावर मांसाचा तुकडा ठेवून हात पुढे केला. गवताला पोट लागेल इतक्या खालून तो आला, शेवटच्या क्षणी वर उसळला आणि धप्पकन मोज्यावर! मी डोळेच मिटले. (भाचा अजून हसतो.)

तिसऱ्या वेळी मात्र तो येईना. एक कावळा त्याच्या मागे लागला, तसा तो दूरच्या झाडावर गेला. पाच मिनिटं झाली, वीस झाली. मी घाबरून विचारलं, "पळून गेला तर?"

"जाऊ शकतो," आजोबा म्हणाले. "रोजच जाऊ शकतो. दोरी कुठे बांधलीय?" त्याच्या शेपटीला एक छोटं रेडिओ यंत्र होतं. त्यानं तो कुठे आहे ते कळतं, पण परत आणता येत नाही. भाच्याचा हात भरून आला, तेव्हा कुठे स्वारी परतली. उतरली भाच्याच्याच हातावर.

संध्याकाळी आजोबांनी त्याला कोंबडीचं मेलेलं पिल्लू आख्खं दिलं. हाडं, पिसं, सगळं पोटात! जे पचत नाही त्याची गोळी करून तो नंतर ओकून टाकतो. मी घारीच्या पिल्लाची गोष्ट सांगितली. आजोबा जरा गप्प झाले. "खायला काय दिलंत?" मी सांगितलं. पक्ष्यांना दूध पचत नाही, आणि शिकारी पिल्लाला हाडासकट मांस लागतं. पण त्याहून आधी, ते म्हणाले, पिल्लाला जखम नसेल तर त्याला पुन्हा झाडावर ठेवायचं. आईबाप जवळच असतात, तेच भरवतात.

ही विद्या आपल्याकडेही जुनी. कुमाऊँच्या रुद्रदेव राजानं संस्कृतात 'श्यैनिकशास्त्र' हा ग्रंथच लिहिला. २०१० साली युनेस्कोनं तिला जगाच्या वारशात स्थान दिलं. पण आता आपल्या देशात घार, शिक्रा, ससाणा पकडणं-पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे, बरं का!

यंदाही वडावर घरटं झालंय. फळ्याच्या कोपऱ्यात वनखात्याचा फोन नंबर लिहिलाय, आणि पोरांनी एक टोपली दोरीला बांधून कपाटावर तयार ठेवलीय.