जांभ्याचे थर व आपल्या विहिरी

चिपळूण तालुक्यांत दरसाल शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. तरी वैशाखांत कित्येक वाड्यांच्या विहिरी तळ गांठतात. याचें कारण आभाळांत नव्हे, जमिनीच्या थरांत शोधिलें पाहिजे.

आपल्या भूमीचा पाया काळ्या पाषाणाचा. सुमारें ६॥ कोटि वर्षांपूर्वीं तप्त रसाचे थर एकावर एक पसरून तो बनला. पुढें उष्णता व अतिवृष्टि यांच्या योगें वरचा खडक कुजला. विरघळणारीं द्रव्यें वाहून गेलीं आणि लोह व ॲल्युमिनियम यांचे अंश मागें राहिले. तोच जांभा. इ. स. १८०७ मध्यें बुकानन यानें मलबारांतील अशा दगडास, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, ‘लॅटेराइट’ हें नांव दिलें. खाणींत मऊ असून वारा लागतांच तो कठीण होतो, हें चिरे काढणारांस ठाऊकच आहे.

या दोन खडकांमध्यें बहुधा पांढुरक्या चिकण मातीचा थर असतो. रत्नागिरीनजीक विहिरी खणतांना जांभ्याखालीं निळसर माती, झाडांचे अवशेष व निकृष्ट कोळशाचे पातळ पट्टे सांपडले आहेत. तो मात्र कुजलेला खडक नसून पाण्यानें आणून टाकलेला गाळ होय.

आतां पाण्याची गति पाहूं. जांभ्यांत नळ्या व पोकळ्या असल्यानें पाऊस त्यांत सहज मुरतो. चिकण माती त्यास खालीं जाऊं देत नाहीं. म्हणून सड्याच्या पायथ्याशीं, हे थर जेथें भेटतात तेथें, झरे फुटतात. परंतु वाटा मोकळ्या असल्यामुळें हा सांठा लवकर निसटतो.

यावरून शेतकरी बंधूंनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, फाल्गुनांतहि जेथें ओल राहते, तेथें विहीर खणावी. दुसरी, चिकण माती लागल्यावर विचारावांचून सुरुंग लावूं नये. खालचा खडक फुटका असल्यास वरचें पाणीहि जाण्याचा संभव असतो. तिसरी, विहिरीच्या माथ्यावरील सडा चिरेखाणीस देण्यापूर्वीं गांवानें एकत्र बसावें. सातबाऱ्यांत ज्याची नोंद केवळ पोटखराब अशी असते, तोच कातळ आपलें पाणी धरून ठेवितो. चिऱ्यांचा पैसा एकदां मिळतो. गेलेला झरा मात्र परत विकत मिळत नाहीं.