दापोडीचे हरवलेले उद्यान आणि चिचगडची झाडे

स्कॉटलंडच्या प्रवासात एडिंबरो येथील रॉयल बोटॅनिक गार्डन पाहण्याचा योग आला. आज जगभर ख्यात असलेले हे उद्यान १६७० मध्ये रॉबर्ट सिबाल्ड आणि अँड्र्यू बाल्फर या दोन चिकित्सकांनी औषधी वनस्पतींचा लहानसा मळा म्हणून आरंभिले. वैद्यकाचा पाया वनस्पतीच्या अचूक ओळखीत असतो, ही त्यामागील दृष्टी आपल्याला परकी नाही.

परंतु मन अधिक गुंतले ते या उद्यानाच्या संग्रहातील चित्रांत. ही चित्रे आहेत पुण्याजवळील दापोडीच्या उद्यानातील वनस्पतींची! गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ मध्ये, ते उद्यान स्थापन झाले. १८३८ पासून शल्यचिकित्सक अलेक्झांडर गिब्सन यांनी ते सांभाळले. त्यांच्याच देखरेखीखालील जुन्नरजवळच्या हिवरे येथील मळ्यात खुरासानी ओव्यासारख्या औषधी वनस्पती लावून सरकारी औषधभांडारास पुरवठा होत असे. १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराने दापोडीतील वनस्पती रंगविल्या. त्याचे नावही उपलब्ध नाही. पुढे गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीकडे हलला आणि १८६५ मध्ये दापोडीचे उद्यान बंद झाले. हेन्री नॉल्टी यांनी २००२ मध्ये या चित्रांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे त्याची पुन्हा चर्चा झाली.

चित्रे राहिली, उद्यान गेले. चित्रातून वनस्पतीचे रूप कळते. तिचा रस, गंध आणि सालीचा स्पर्श कळत नाही. शिवाय जे उद्यान केवळ सत्तेच्या आश्रयावर उभे असते, ते तो आश्रय सुटताच ओस पडते.

ही बाब आम्हां चिचगडकरांना अधिक लागू आहे. देवरी तालुक्यातील आपल्या परिसरात हिरडा, बेहडा, आवळा, बिबा, मोह, पळस ही संपदा अद्याप उभी आहे. तरीही औषधालयात येणारी द्रव्ये आपण बहुधा गोणीतूनच ओळखतो. अर्जुन व ऐन हे एकाच कुळातील वृक्ष. अर्जुनाची साल गुळगुळीत, करड्या-पांढरट रंगाची व पापुद्रे सुटणारी; ऐनाची काळपट, खोल चिरांची, मगरीच्या पाठीसारखी. झाडावर हा भेद बालकासही दिसेल; चूर्ण झाल्यावर तो डोळ्यांना दिसत नाही. हृद्रोगाच्या रुग्णास अर्जुन म्हणून दुसरेच काही गेले, तर दोष कोणाचा?

अजपाल, मेंढपाळ, गुराखी व वनवासी यांना औषधींची नावे व रूपे ठाऊक असतात. परंतु तेवढ्याने औषधाचे पूर्ण ज्ञान होत नाही, असे चरकाचार्य सांगतात. नावरूपाची पहिली पायरी त्यांच्याकडून शिकावी आणि प्रयोगाचे उत्तरदायित्व वैद्याने घ्यावे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ.

म्हणून वैद्यबंधूंना व औषधविक्रेत्यांना एक विनंती आहे. प्रत्येक औषधालयाच्या आवारात निदान पाच औषधी वृक्ष लावावेत. त्यांवर संस्कृत, मराठी, गोंडी व शास्त्रीय नावांची पाटी असावी. जवळच फूल, पान, फळ व साल यांचे वाळविलेले नमुने तारखेसह ठेवावेत. वर्षातून एकदा जाणत्या वनवासी बांधवांसमवेत त्यांची पडताळणी व्हावी. आणि ही जबाबदारी एकट्यावर न ठेवता किमान दोघांनी वाटून घ्यावी, म्हणजे एक गेला तरी बाग उरेल.

आपल्या झाडांची चित्रे पाहण्यासाठी उद्या आपल्या नातवंडांना एडिंबरोस जावे लागू नये, एवढी व्यवस्था आपल्या हातात निश्चित आहे.