मतदार कधी जागा असतो?

लोको पायलटांमध्ये प्रचार करायचा तर मतदारयादीच्या आधी लिंक हाताशी लागते. कोणता चालक कोणत्या दिवशी कोणती गाडी घेऊन कुठे जाणार, कुठे मुक्काम करणार आणि कधी परतणार, याचा तक्ता म्हणजे लिंक. मेल-एक्स्प्रेसवाल्यांचं त्यावरून निदान काही ठरवता येतं. मालगाडीवाल्यांना तोही आधार नाही. फोन वाजला की निघायचं.

मी ज्यांच्यामागे हिंडलो त्यांना अख्खी लॉबी, म्हणजे चालक जिथे ड्युटीची हजेरी लावतात ते ऑफिस, मामा म्हणते, म्हणून मीही मामाच लिहितो. मामा स्वतः मेल-एक्स्प्रेसचे लोको पायलट. चालकांच्या एका संघटनेत मंडळ सचिवपदासाठी उभे राहत होते, तेही विद्यमान सचिवाच्या विरोधात. संघटनेचं नाव देत नाही, कारण असं पद दुसऱ्या कुठल्याही संघटनेत असंच लढवलं जातं. किंबहुना लढवलं जात नाही. अधिवेशनाच्या आदल्या रात्री पॅनेल ठरतं, सकाळी नावं वाचून दाखवतात, टाळ्या पडतात, हार घातले जातात. मामांना मतपेटी हवी होती.

कल्याणच्या लॉबीत रात्री बाराच्या सुमाराला सर्वांत जास्त माणसं भेटतात. एकीकडे साइन ऑन करणारे रांगेत: ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकर, मशिनवर हजेरी, कॉशन ऑर्डर वाचून सही, वॉकीटॉकी घेऊन बाहेर. दुसरीकडे साइन ऑफ करणारे, डोळे लाल, ट्रॉलीबॅग ओढत. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही रांगा मतदारांच्याच वाटतील. मामा पहिल्या रांगेकडे फिरकत नाहीत. गाडीवर निघालेल्या माणसाच्या डोक्यात युनियन घालायची नाही, हा त्यांचा नियम. त्याला पुढे सिग्नल बघायचे आहेत. दुसऱ्या रांगेतला माणूस मोकळा असतो, पण त्याला घरी जायचं असतं. त्यामुळे सगळा प्रचार लॉबीचं दार ते चहाची टपरी एवढ्या अंतरात उरकावा लागतो. बोलणं बहुतेक हिंदीत. भरती होऊन आलेली निम्मी पोरं बिहार, उत्तर प्रदेश, आंध्रची. मामांचं हिंदी अस्सल कल्याणचं आहे, आणि पोरांना ते आवडतं.

मामांबरोबर प्रचाराला इगतपुरीकडे निघालो, तेव्हा कसाऱ्याला गाडी थांबली. पुढे थळ घाट, ३७ फुटांमागे एक फूट चढ, म्हणून मागून बँकर इंजिनं लागतात. मामा खाली उतरले, बँकरच्या खिडकीतल्या दोघांकडे बघून हात वर केला आणि परत डब्यात येऊन बसले. त्यातला एक इगतपुरी शाखेचा प्रतिनिधी होता, म्हणजे हक्काचं मत. तरी एक शब्द बोलले नाहीत. मला ही शिस्त कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा जास्त पटली.

इगतपुरीच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे चालकांच्या विश्रांतिगृहात, दुसरा नियम: झोपलेल्याला उठवायचं नाही. खोल्यांच्या बाजूला जायचंच नाही. कोणाला किती वाजता उठवायचं ते फळ्यावर लिहिलेलं असतं, तेवढं वाचायचं आणि जेवणाच्या टेबलाशी बसून राहायचं. पहाटे चार वाजता तिथे एक तरुण असिस्टंट लोको पायलट डाळभात कालवत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "मामा, वो छियालीस घंटे का क्या हुआ?"

सगळी निवडणूक या एका प्रश्नावर उभी होती, म्हणून तो समजून घ्यायला हवा. ड्युटी संपवून मुख्यालयी परतलेल्या चालकाला साधारण १६ तास विश्रांती मिळते, हे रोजचं. त्याशिवाय नियतकालिक विश्रांती असते: महिन्यातून चार वेळा सलग ३० तास किंवा पाच वेळा सलग २२ तास. भांडण एवढंच, की ते १६ तास या ३० मध्ये धरायचे की वेगळे? मामांनी पुढ्यातल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकडे मांडले. शनिवारी सकाळी सहाला साइन ऑफ. ३० तास म्हणजे रविवारी दुपारी बाराला सुट्टी खलास. त्यातले १६ तर रोजच मिळणार होते. सुट्टी म्हणून हातात आले १४. शनिवारचा दिवस रात्रपाळीची झोप काढण्यात गेला, रविवारी बायकोमुलं उठेपर्यंत याची निघायची तयारी. १६ अधिक ३० असे ४६ दिले, तर तो सोमवारी पहाटे चारपर्यंत घरचा असेल. पोराने कागद उचलला, घडी करून खिशात घातला. एवढी एक गोष्ट सोडली तर त्या पहाटे मामांच्या पदरात काही पडलं असं मला वाटलं नाही.

तासांचं हे भांडण जुनं आहे. ऑगस्ट १९७३ मध्ये लोको रनिंग स्टाफने संप केला, तेव्हा रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांना दहा तासांच्या ड्युटीचं तत्त्व मान्य करावं लागलं. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनच्या अध्यक्षपदासाठी जॉर्ज फर्नांडिस उभे राहिले आणि गोमंतकीय नेते पीटर अल्वारिस यांना हरवून निवडून आले. दोघेही समाजवादी. पुढच्याच वर्षी ८ मेला देशव्यापी रेल्वे संप सुरू झाला आणि वीस दिवस चालला. संघटनेतल्या एका निवडणुकीने काय होऊ शकतं, हे सांगायला मामांना एवढं पुरतं. तरुण पोरं ऐकून घेतात. त्यांचे वडीलही तेव्हा शाळेत असतील.

मामांना हवी होती तशी निवडणूक ब्रिटनमध्ये होते. तिथल्या चालकांची अ‍ॅसलेफ ही संघटना १८८० ची. तिथे सरचिटणीसपदाची मतपत्रिका प्रत्येक सभासदाच्या घरी टपालाने जाते. १९९८ मध्ये मिक रिक्स यांनी विद्यमान सरचिटणीस ल्यू अ‍ॅडम्स यांना पाडलं, २००३ मध्ये शॉन ब्रेडी यांनी रिक्स यांना. मत द्यायला माणूस अमुक वेळी अमुक जागी जागा असण्याची गरजच नाही. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे पोस्टात घातली तर मतपत्रिका लिंकसारखी फिरत राहील."

सचिवाची खरी ताकद मात्र वेगळीकडे असते. एसएफ-फाइव्ह, म्हणजे मोठ्या शिक्षेचं आरोपपत्र. लाल सिग्नल ओलांडला गेला की नोकरीवरच येतं, आणि चौकशीत बाजूला बसायला चालकाला डिफेन्स हेल्पर लागतो. स्पीडोमीटरचा चार्ट वाचणारा, नियमपुस्तकातलं कलम बोट ठेवून दाखवणारा, साक्षीदाराला नेमका प्रश्न विचारणारा. विद्यमान सचिवाने अशा कितीतरी चौकशा लढवल्या होत्या, त्या सगळ्या घरांची मतं त्याला बांधलेली. मामांनीही लढवल्या होत्या, पण कमी. ऑफिसातलं वजन हा शब्द कुत्सितपणे वापरतात. ज्याची नोकरी त्या वजनाने वाचली त्याला विचारावं.

लॉबीबाहेर एका असिस्टंट लोको पायलट मुलीने मामांचं पत्रक वाचलं आणि विचारलं, "इंजिनातल्या टॉयलेटची मागणी पाचवी का?" साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस असिस्टंट म्हणून इंजिनात पाऊल ठेवलं, ८ मार्च २०११ ला डेक्कन क्वीन चालवली, २०२५ मध्ये निवृत्तही झाल्या, तरी असंख्य इंजिनांत सोय नाही. मुली ड्युटीआधी पाणी पीत नाहीत. मामा गडबडले. पुरुष चालक रुळाकडेला उतरतात, त्यामुळे हा प्रश्न त्यांनी कधी वरच्या रांगेत धरलाच नव्हता. नव्या पत्रकात मागणी दुसरी आली. पहिली का नाही, हे तिने विचारलं. त्यावर मामा "बघू" म्हणाले, आणि ते बघू मला राजकारण्याचं वाटलं.

या सगळ्यासाठी मामांनी स्वतःची रजा खर्च केली, आणि रजा संपल्यावर साइन ऑफनंतरचे तास. चालकांना झोप मिळावी म्हणून हा माणूस स्वतःची झोप मोडत होता. बायकोने ते स्वच्छ बोलून दाखवलं: "तुम्ही आधी स्वतःचे शेहेचाळीस घ्या." मग ड्युटीच्या आदल्या दिवशी प्रचार बंद, फोन बंद.

मतपेटी आली नाही. अधिवेशनाच्या आदल्या रात्री दोन्ही बाजूंचे जुने लोक बसले. मामांच्या बाजूचे काही प्रतिनिधी गाड्यांवर अडकलेले, त्यांना सोडायला माणूस नव्हता. मोजणी मामांच्या विरोधात जाणार हे उघड होतं. सचिव तोच राहिला, मामा कार्याध्यक्ष झाले, मागणीपत्रात ४६ तास पहिले आणि टॉयलेट दुसरं हे लेखी ठरलं. मला ही तडजोड मिळमिळीत वाटली. मामांना वाटली नाही; त्यांच्या मते लेखी आलं ते कमावलं.

डाळभातवाला पोरगा हार घालायला आला नव्हता. तो दोन दिवसांनी लॉबीत भेटला आणि म्हणाला, "मामा, वोटिंग तो हुआ ही नहीं।" मामांनी त्याला पुढच्या अधिवेशनाचा उमेदवारी अर्ज कसा भरायचा, सूचक-अनुमोदक कोण चालतात, सभासदत्वाची पावती किती जुनी लागते, हे टपरीवर उभ्याउभ्या समजावलं. पोरगं सगळं मोबाइलमध्ये टिपून घेत होतं.