शाळेची भिंत ओलांडून



शाळेची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? भाड्याची बस, गाणी, डब्यातल्या पुऱ्या आणि संध्याकाळी पेंगुळलेली पोरे. त्यात वाईट काही नाही. पण आज मी आपणांशी बोलणार आहे ते निराळ्या सहलीविषयी. तिला बस लागत नाही. ती शाळेच्या फाटकापासून सुरू होते आणि गावाच्या बोडीपाशी, नाहीतर रानाच्या कडेला संपते. तिला आपण परिसर-भेट म्हणू.

आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली भागातल्या शाळांना देवाने आणि डोंगराने जे दिले आहे, ते मोठमोठ्या शहरांतल्या शाळांना पैसे मोजूनही मिळत नाही. ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. ते 1955 साली झाले. आलापल्लीच्या रानात जुन्या सागाच्या वृक्षांचा एक तुकडा 1953 पासून न तोडता राखलेला आहे. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे दगड झालेली झाडांची खोडे पडली आहेत. चंद्रपूरच्या खाणींतला कोळसा म्हणजे तरी काय? कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडली गेलेली वनस्पतीच ती. त्या काळच्या खडकांना जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ ‘गोंडवन’ म्हणतात, ते आपल्या गोंड मुलखावरून. ज्या मुलाच्या मुलखाचे नाव साऱ्या जगाच्या शास्त्रात गेले, त्याला ते ठाऊक नसावे, ही खंतीची गोष्ट आहे.

पण एवढे लांब जायलाच हवे असे नाही. आता बघा, पूर्व विदर्भात गावोगावी माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. धानाचे पीक ज्यावर उभे राहते ते हे पाणी. वर्गात ‘जलचक्र’ शिकवताना आपण फळ्यावर ढग आणि बाण काढतो. त्याऐवजी मुलांना तलावाच्या पाळीवर उभे करा आणि एकच प्रश्न विचारा : ‘हे पाणी कुठून आले?’ बहुतेक पोरे म्हणतील, ‘आभाळातून.’ मग म्हणा, ‘पाऊस तर थांबला, तरी कडेच्या नाल्यात अजून ओल कशी?’ इथून खरा अभ्यास सुरू होतो.

त्याचे उत्तर मुलांनीच शोधावे यासाठी एक सोपा प्रयोग सांगतो. दोन सारख्या तगाऱ्या घ्या आणि प्रत्येकीच्या कडेला एक लहान भोक पाडा. एकीत उघड्या पायवाटेची माती भरा. दुसरीत आंब्याच्या किंवा मोहाच्या झाडाखालची माती, तिच्यावर वाळल्या पाल्याचा थर. दोन्ही तगाऱ्या सारख्याच तिरप्या ठेवा, भोकाखाली पेले ठेवा आणि बुडाला भोके पाडलेल्या डब्यातून दोन्हींवर सारखेच पाणी शिंपडा. उघड्या मातीवरून पाणी लगोलग वाहून येते आणि गढूळ येते. पाल्याखालच्या मातीतून ते उशिरा येते, थोडे येते आणि पुष्कळसे स्वच्छ येते. पाल्याने थेंबाचा मार सोसला आणि मातीने पाणी पिऊन घेतले. ते दोन पेले हातात घेऊन मुलांना पुन्हा तलाव दाखवा. वरचे रान उघडे पडले तर तलावात पाण्यासोबत गाळ येईल, तळ वर येईल, आणि गाळ भरलेला तलाव धानाला किती दिवस पुरेल? हे गणित मग मास्तरांना सांगावे लागत नाही.

दुसरा धडा मोहाचा. आपल्याकडे मोहाला मान आहे. मार्च-एप्रिलमध्ये फुले गळतात, ती माणसे वेचतात, चितळ खातात, अस्वलही खाते. पुढे बियांचे तेल निघते. पण फुले नीट दिसावीत म्हणून कित्येक ठिकाणी झाडाखालचा पाला पेटवतात. ती आग कधी कधी रानात शिरते. मुलांना हिवाळ्यात चार-पाच मोहांखाली न्या. खोडाच्या बुडाशी जळल्याच्या खुणा आहेत का, हे पाहायला सांगा. मग तीन रकाने आखा : मोठी झाडे, तरुण झाडे, रोपे. मोजून लिहा. म्हाताऱ्या झाडांचा रकाना भरला आणि रोपांचा कोरा राहिला, तर पोरांना आपोआप प्रश्न पडेल : ‘आमच्या पोरांनी फुले कुठली वेचायची?’ इथे मास्तरांनी गावाला दोष देऊ नये. पाला झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली जाळी अंथरली, तर न पेटवताही फुले वेचता येतात, हे घरी बोलायला सांगावे. घरातल्या माणसाला सरकारी पाटीपेक्षा पोराचा शब्द लवकर पटतो.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट, बरं का. आपल्या जिल्ह्यात वाघ व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीबाहेरही वावरतो. मोहफुले वेचायला, सरपणाला गेलेली माणसे दगावल्याच्या बातम्या आपण ऐकतो. तेव्हा परिसर-भेटीचे नियम पाठच असावेत. रानाच्या कडेला जायचे तर वनखात्याला आधी कळवावे, परवानगी लागते तिथे ती घ्यावी आणि वनरक्षकाला सोबत न्यावे. भेट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवावी. मे महिन्यात आपल्याकडचे ऊन मुलांना सोसण्यासारखे नसते. ऊन चढल्यावर निघावे आणि दुपारच्या आत परतावे. निघताना आणि परतताना हजेरी घ्यावी. घोळका मोडू नये, झुडपाआड कुणी एकटे वाकून बसू नये. पायांत जोडे असावेत. आग्या मोहोळाजवळ धूर करू नये. आणि वनरक्षक ‘आज नको’ म्हणाला, तर हुज्जत न घालता शाळेच्या अंगणातल्या चिंचेचा अभ्यास करावा. चिंचही कमी शिकवत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचे शेवटी सांगतो. माझ्या अनुभवात अशा भेटीत वर्गातला क्रम उलटा होतो. पाढ्यांत अडखळणारे गोंड किंवा माडिया घरचे पोर रानात पुढे चालते. कोणत्या पाल्याने जखम भरते, कोणत्या कंदाला किती वेळ उकळायचे, पाऊलखूण आजची की कालची, हे त्याला ठाऊक असते. अशा वेळी मास्तरांनी शिष्य व्हावे. वहीत झाडाचे मराठी नाव लिहाल, तसे त्या पोराच्या बोलीतले नावही त्याच्या शेजारी लिहा. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला सोबत बोलवा. आपले घरचे ज्ञान शाळेच्या वहीत उतरते, हे ज्या पोराने पाहिले, त्याला शाळा परकी वाटत नाही.

हे नुसते कौतुक नव्हे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) गाव पाहा. तिथे गावकऱ्यांनी अभ्यासगट चालवले; देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. आपले रान, आपला बांबू, कायदा काय म्हणतो, हे लोकांनी एकत्र बसून समजून घेतले. वनहक्क कायदा 2006 साली झाला. 2009 साली या गावाला सुमारे 1,800 हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जे रान आपण मोजले, ओळखले, त्याच्याविषयी आपल्याला अधिकाराने बोलता येते. अभ्यासाचे बळ ते हे.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, येत्या हिवाळ्यात एक शनिवार निवडा. वही, पेन्सिल, सुतळी, दोन तगाऱ्या आणि पाण्याची घागर, एवढेच साहित्य घ्या. आणि आईबापांनो, ‘पोरगा शाळा बुडवून तलावावर गेला’ असे म्हणू नका. तो शाळेतच गेला आहे. फक्त त्या शाळेला भिंती नाहीत.