कडा आणि कॅमेरा : भाग ६ – गाठ अडली तिथे

मागच्या आठवड्यात आपण आर्नोल्ड फांकच्या जर्मन पर्वतपटांपाशी थांबलो होतो. त्या चित्रपटांत डोंगर खरा असायचा आणि गोष्ट रचलेली. आज पेच उलटा आहे. गोष्ट खरी, माणसं खरी, त्यांचं मरणही खरं. त्यावर चित्रपट करायचा तर किती रचायचं आणि कुठे हात आवरायचा? यासाठी मी फिलिप श्टोल्झल या दिग्दर्शकाचा २००८ सालचा ‘नॉर्डवांड’ निवडला आहे. तो मला अतिशय आवडतो, आणि त्यातली एक गोष्ट मला आजही मान्य नाही.

आधी जागा समजून घेऊ. आयगर हे स्वित्झर्लंडमधलं ३९६७ मीटर उंचीचं शिखर. पायथ्याशी ग्रिंडेलवाल्ड हे गाव. शिखरावर माणूस १८५८ सालीच पोचला होता, पण सोप्या बाजूने. उत्तरेची भिंत मात्र सुमारे १८०० मीटरची, सरळ उभी, बहुतेक वेळ सावलीत, वरून सतत दगड आणि बर्फ ओतणारी. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर आहे. ही नुसती भिंत त्याहून उंच. जर्मनमध्ये ‘नॉर्डवांड’ म्हणजे उत्तरेची भिंत. वर्तमानपत्रांनी त्यातलं पहिलं अक्षर बदलून तिला ‘मॉर्डवांड’, खुनी भिंत, करून टाकलं होतं.

या भिंतीसारखी दुसरी भिंत नाही, याचं आणखी एक कारण आहे. तिच्या पोटातून रेल्वे जाते. युंगफ्राउची ही रेल्वे १९१२ साली पूर्ण झाली आणि बोगद्यातून एक दार थेट कड्यावर उघडतं. समोर क्लाइन शायडेगला हॉटेल, हॉटेलच्या गच्चीवर दुर्बिणी. म्हणजे चित्रपट निघण्याच्या किती तरी आधीपासून या कड्यापुढे प्रेक्षक बसलेलेच होते.

१८ जुलै १९३६ला चौघे जण चढायला लागले. टोनी कुर्ट्झ आणि आंद्रेआस हिंटरश्टोइसर हे बव्हेरियाचे, जर्मन पर्वतीय सैन्यातले. विली आंगरर आणि एडी राइनर ऑस्ट्रियाचे. दोन जोड्या कड्यावर एक झाल्या. खालच्या भागातला एक गुळगुळीत, उभा पट्टा हिंटरश्टोइसरने वर अडकवलेल्या दोराच्या ताणावर तोल सावरत आडवा पार केला. आजही त्या जागेला त्याचंच नाव आहे. शेवटच्या माणसानंतर त्यांनी तो दोर ओढून घेतला, कारण पुढे लागणार होता. मग दगड लागून आंगरर जखमी झाला, हवा फिरली, आणि परतायचं ठरलं. परत आले तेव्हा त्या पट्ट्यावर काचेसारखं बर्फ चढलेलं होतं. दोर नव्हता. हिंटरश्टोइसरने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, पण जमलं नाही. उरला सरळ खाली उतरण्याचा मार्ग.

२१ तारखेला रेल्वेचा एक रखवालदार ते दार उघडून बाहेर आला आणि त्याने वर हाक दिली. वरून उत्तर आलं, सगळं ठीक आहे. तो आत जाऊन चौघांसाठी चहा ठेवायला लागला. बराच वेळ कुणी आलं नाही म्हणून पुन्हा बाहेर आला, तेव्हा एकाच माणसाचा आवाज उरला होता. हिमलोट आला होता. हिंटरश्टोइसर दरीत गेला, आंगरर आणि राइनर दोरावरच मेले. तेवीस वर्षांचा टोनी मधे लोंबकळत होता. सुटकेसाठी वाटाडे आले, पण अंधार पडत होता. त्याला तिथेच ठेवून त्यांना परतावं लागलं, आणि तो जाऊ नका म्हणून ओरडत राहिला.

सकाळी तो जिवंत होता. एक हात गोठून लाकूड झालेला. वाटाड्यांपर्यंत दोर सोडायचा तर आधी दोर हवा. म्हणून तो खाली उतरला, मेलेल्या सोबत्याला कापून मोकळं केलं, पुन्हा वर चढला, मिळालेला गोठलेला दोर एका हाताने आणि दातांनी उसवला, त्याचे पदर सुटे केले आणि ते एकापुढे एक बांधले. यात पाचएक तास गेले. ती बारीक दोरी खाली आली, वाटाड्यांनी तिला नवा दोर बांधला. तो पुरेना, म्हणून त्याला दुसरा जोडला.

ही जोडाची गाठच पुढे आडवी आली. टोनी दोरावरून खाली सरकत होता आणि दोर त्याच्या कमरेच्या कॅराबिनरमधून जात होता. कॅराबिनर म्हणजे झडप असलेली लोखंडी कडी. दोर तिच्यातून जातो. दोन दोरांची गाठ जाड, ती जात नाही. शिवाय अंगाचा सगळा भार त्याच जागी, त्यामुळे गाठ आणखी घट्ट आवळते. सुटका एकच: क्षणभर भार दुसरीकडे टाकायचा. पायाखाली दोरीचा फास करून त्यात उभं राहायचं, कडीवरचा ताण सैल करायचा, गाठ पार करायची. सह्याद्रीतल्या शिबिरांत रॅपलिंग शिकवतात तेव्हा हा धडा वेगळा घेतात. मी विशीत तो घेतला होता. पाय खडकाला टेकलेले, दोन्ही हात धड, वर ओळखीचा माणूस बिले, म्हणजे सुरक्षेचा दोर, धरून, आणि तरी मला दहा मिनिटं लागली. घामाने हात निसटत होते. टोनी पुढे आलेल्या खडकाखाली अधांतरी होता, पाय टेकायला भिंतच नव्हती. त्याने गाठ दातांनी ढकलून पाहिली. वाटाडे इतके जवळ होते की एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर उभं राहून बर्फकुऱ्हाड उंचावली तेव्हा तिचं टोक त्याच्या बुटांच्या काट्यांना लागलं, असं सांगतात. आता माझ्याच्याने होत नाही, एवढं तो बोलला आणि मान टाकली.

श्टोल्झलने हे सगळं विलक्षण प्रामाणिकपणे दाखवलं आहे. कड्याचा काही भाग शीतगृहात उभारून चित्रण केलं, त्यामुळे नटांच्या तोंडातली वाफ खरी, आखडलेली बोटंही खरी. नायलॉनच्या आधीचा ताग-अंबाडीचा दोर भिजला की काठीसारखा ताठ होतो. तो हाताळताना माणूस किती सावकाश हलतो हे मी वाचलं होतं, पण कळलं पडद्यावरच. जर्मन राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला छायाचित्रण आणि ध्वनी यांचे सन्मान मिळाले ते अगदी योग्य. बेनो फ्युरमानचा टोनी कमी बोलतो. पिटॉनवर हातोडा बसताना त्याचा सूर चढत जातो, म्हणजे खिळा नीट धरतोय. सूर बोदा आला की पोटात गोळा येतो. हे पुस्तकाला जमत नाही, चित्रपटाला जमतं.

मग लुइझे येते. लुइझे फेलनर ही वार्ताहर पटकथेत घडवलेली, योहाना वोकालेकने केलेली. टोनीची जुनी मैत्रीण. तिचा संपादकही रचलेलाच. गच्चीवर बसून विजय किंवा मृत्यू यांपैकी एकाची वाट पाहणारी वृत्ती त्याच्या रूपाने दिसते, आणि तो मला पटतो, कारण तसे लोक तिथे खरोखर होते. बर्लिन ऑलिंपिक तोंडावर आलेलं, गिर्यारोहणासाठीही तेव्हा पदक असे, आणि चित्रपट त्या वातावरणाचा नेमका उपयोग करतो. (ते पदक पुढे आयगरला नव्हे, हिमालयातल्या मोहिमांसाठी ड्युरेनफुर्ट दांपत्याला मिळालं.) लुइझेच्या पहिल्या भागालाही माझी हरकत नाही. प्रेक्षकाला गच्चीवर उभं राहायला कुणीतरी हवं असतं.

पण शेवटच्या रात्री ती बोगद्याच्या दारातून बाहेर पडते, कड्यावर येते आणि टोनीच्या हाकेच्या अंतरावर थांबते. इथे मी दुखावलो, आणि दर वेळी दुखावतो. कपडे कोणते, संवाद काय, कोण आधी चढलं, यात लेखकाने हवं ते करावं; कुणाकडेच त्याची नोंद नाही. त्या रात्रीची नोंद मात्र आहे. तिथे कुणी नव्हतं. वाटाडे निघून गेले होते आणि त्याला ते माहीत होतं. गाठ अडली हे जितकं खरं, तितकंच हे एकटेपण खरं. ते भरून काढलं की प्रेक्षकाला रडायला सोपं जातं, पण टोनीने काढलेली रात्र त्याच्याकडून काढून घेतली जाते. आणि तो तक्रार करायला उरलेला नाही.

जिवंत माणसं तक्रार करतात. बाल्तासार कोर्माकूरच्या २०१५ सालच्या ‘एव्हरेस्ट’मध्ये मे १९९६च्या वादळाची कथा आहे. त्या वादळात आठ जण गेले. वाचलेल्यांपैकी लेखक जॉन क्राकाउअर यांनी चित्रपटातला आपल्याबद्दलचा एक प्रसंग घडलाच नाही, असं जाहीरपणे सांगितलं. त्याची चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. आपल्याकडे मात्र एका गोष्टीबद्दल फारसं कुणी बोललं नाही. त्या आठांपैकी तिघे भारतीय होते. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे त्सेवांग स्मान्ला, त्सेवांग पालजोर आणि दोर्जे मोरुप, तिघेही लडाखचे, तिबेटच्या बाजूने उत्तर धारेवर होते. चित्रपट नेपाळच्या बाजूचा, त्यामुळे त्याच्या कथेत ते येत नाहीत. दोन तासांत दोन बाजू मावत नाहीत, हे मला समजतं. पण तेच वादळ, तोच दिवस, तेच शिखर. आणि पुण्या-मुंबईच्या चित्रपटगृहांतून बाहेर पडलेल्या किती जणांना ही तीन नावं ठाऊक होती? आपल्याकडे त्यांच्यावर चित्रपट झाला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्यांची रात्र कशी गेली हे सांगणारं कुणी परतलं नाही. तेव्हा तो करणाऱ्यापुढे श्टोल्झलपुढचाच प्रश्न उभा राहील, आणखी अवघड होऊन.

आयगरच्या त्या आडव्या पट्ट्यावर पुढच्याच वर्षी माटियास रेबिच आणि लुडविग फ्योर्ग यांनी जाताना दोर बांधलेला ठेवला. हवा बिघडल्यावर ते त्याच दोरावरून जिवंत परतले. फ्योर्ग १९३८ साली पुन्हा आला आणि हेकमायर, हारर, कास्पारेक यांच्याबरोबर ती भिंत पहिल्यांदा चढून गेला.

पुढच्या भागात पेरूतलं सिउला ग्रांदे. १९८५ साली तिथे सायमन येट्सने सोबत्याचा दोर कापला आणि दोराच्या दुसऱ्या टोकाचा जो सिम्पसन सरपटत परत आला. ‘टचिंग द व्हॉइड’मध्ये दोघेही कॅमेऱ्यापुढे बसून आपापली रात्र सांगतात. टोनी कुर्ट्झवर २००७ साली निघालेल्या माहितीपटात बोलणारा माणूस हा सिम्पसनच.